आठवा बिट

"हा बघा, शब्दांत मध्येच एफ. इथे बी. औषधाच्या कागदांत असं चालतं का?" मॅनेजर सामंत साहेब मला स्क्रीन दाखवत होते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. कोलशेतच्या त्या औषध कंपनीत टाइपरायटर जाऊन टर्मिनल आले होते. टर्मिनल म्हणजे नुसता कीबोर्ड आणि स्क्रीन. खरा कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत, मध्ये लांब केबल. मी ते पुरवणाऱ्या कंपनीची सर्व्हिस इंजिनिअर.

चुका कमलताई भोईरांच्या टर्मिनलवर होत होत्या. त्या तिथल्याच गावातल्या, अठरा वर्षं टायपिस्ट.

"सोमवारपासून यांना पॅकिंगला पाठवतोय," साहेब त्यांच्यादेखतच म्हणाले आणि गेले. ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. दुपारच्या उन्हात खाडी निजल्यासारखी दिसत होती.

"ताई, रोजच्यासारखं टाइप करा. मी नुसती बघते."

त्यांची बोटं चालू लागली. काळ्या स्क्रीनवर हिरवे शब्द संथ उमटत गेले. किती वेळ गेला कळलं नाही. मी बघतच राहिले. मग त्यांनी ऑल्टचं बटण धरून बी दाबला आणि मजकुरात बी उमटला.

"हे कशासाठी दाबलंत?"

"पुस्तकात लिवलंय. ऑल्ट धरून बी, का एक शब्द मागं. एफ, का पुढं. जात तर नाय कधी. वाटलं, माझाच हात चुकतो."

"बाकीच्या दोघी टायपिस्ट?"

"त्या बाणाचं बटण दाबत बसतात."

प्रत्येक अक्षर केबलमधून खुणांच्या रूपात जातं. या खुणा म्हणजे बिट. सातांत अक्षर मावतं. त्या टर्मिनलवर आठवा बिट सांगायचा, की सोबत ऑल्ट दाबलंय. लाइन सात बिटांवर लावलेली होती. आठवा वाटेतच गळत होता, आणि नुसतं अक्षर पोचत होतं.

ती लाइन मीच लावली होती.

दोन्हीकडे आठ बिट केले. ताईंनी ऑल्ट धरून बी दाबला. कर्सर अलगद एक शब्द मागे सरकला. पुन्हा. पुन्हा. त्या काम विसरून सगळा परिच्छेद तशाच मागे मागे गेल्या.

"जातंय गं," त्या हळूच म्हणाल्या.

मी साहेबांना खरं ते सांगितलं. "चूक माझ्या सेटिंगची. मॅन्युअल वाचलेल्या त्या एकट्याच आहेत."

ताईंचं पॅकिंग टळलं. माझ्या ऑफिसला तक्रारीचं पत्र गेलं. ते कमलताईंनीच टाइप केलं.

तेव्हापासून कुणी 'ऑपरेटरची चूक' म्हटलं, की मी आधी माझंच काम तपासते.