मागच्या डाव्या दारावरचा डाग

दाजी गेल्याची बातमी माझ्या लॉकरमध्ये पावणेदोन तास पडून होती. रांजणगावच्या ज्या कारखान्यात मी गाड्यांच्या सुट्या भागांचा रंग तपासतो, तिथं रंगखात्यात फोन आत नेऊ देत नाहीत. चहाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर आक्काचे अकरा मिस्ड कॉल. आक्का माझी थोरली बहीण. दीड वर्षात तिनं स्वतःहून मला एकदाही फोन केला नव्हता. त्यामुळं, खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो हाच की आता हिचं माझ्याकडं काय काम निघालं? उलट फोन लावला तर दाजींच्या शेडशेजारचा टायरवाला बोलला. "दाजी गेलं तुमचं. सकाळी शेडमधीच... बसल्या जागी." मी त्यालाही विचारलं, "नक्की ना? डॉक्टरनं बघितलं का?" मागं कुणीतरी बाई रडत होती, ती आक्का होती हे मला फोन ठेवल्यावर कळलं.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. दाजींविषयी लिहायचं तर आधी माझ्याविषयी सांगावं लागेल, कारण मला संशय घेण्याचाच पगार मिळतो. पांढऱ्या दिव्यांच्या बोगद्यात उभं राहायचं आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक चकचकीत तुकड्यात काहीतरी खोट आहे असं धरून चालायचं. आमच्याकडं मधूनच एखादा मुद्दाम खराब केलेला तुकडा लाइनवर सोडतात, तपासणारा जागा आहे की झोपलाय हे बघायला. वीस वर्षं हे केलं की माणूस घरीही तसाच होतो. बायकोनं चहा चांगला केला तर मी विचारतो, आज काय विशेष?

विलासदाजींचं शिरूरच्या बाहेर, नगरच्या रस्त्याला पत्र्याचं शेड होतं. गाडी धुऊन, पुसून, बारीक बारीक ओरखडे पडून उन्हात जे कोळ्याचं जाळं दिसायला लागतं, ते मशीननं काढून रंग पुन्हा नव्यासारखा करायचा, हा त्यांचा धंदा. सुरुवातीला लोकरीचा पॅड लावून ते काम करत. सहा-सात वर्षांपूर्वी एकदा गेलो तर मशीनला चपटी, बारीक केसांची गोल चकती लावलेली. "पाव्हणं, ह्यो बगा. मायक्रोफायबर." मी हसलोच. ज्या कापडानं आमच्या घरात ओटा पुसतात, त्यानं म्हणे हे गाडीचा रंग कापणार! दाजी चिडले नाहीत. बोटानं कंपाउंड, म्हणजे रंग घासायची पेस्ट, त्या केसांत चोळून चोळून भरलं, दोन विती जागा निवडली आणि मशीन चालवलं. चार फेऱ्यांत जाळं गायब. मग लगेच हवेचा पाइप घेऊन पॅड फुंकून साफ केला. "ह्येच्यात कापलेला रंग साठतो. न्हाई काढला तर त्योच रंग रंगाला घासतो आन् गरम व्हतो. परतेक जागेला फुकायचा म्हंजी फुकायचाच." नंतर मऊ फोमचा पॅड लावून वरची धुरकट झाक काढली. मी वाकून, तिरकं होऊन, मोबाइलचा दिवा मारून बघितलं. काही सापडलं नाही, आणि त्याचाच मला राग आला.

दाजीही संशयी होते, पण त्यांचा संशय रंगावर असायचा. गाडी आली की हात लावायच्या आधी ते रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर प्रत्येक पत्र्यावर टेकवायचे, कागदी टेपचा तुकडा तिथं चिकटवून त्यावर आकडा लिहायचे. कुठं आकडा कमी दिसला की मालकाला विचारायचे, इथं आधी काय केलंय? मालक म्हणायचा, काही नाही, कंपनीचा रंग आहे. दाजी मान डोलवायचे आणि त्या जागी मशीन हळू चालवायचे. मला ते सगळं नाटक वाटायचं. रंग कापून ओरखडा काढणं वेगळं आणि तेलकट द्रव भरून तो बुजवणं वेगळं. बुजवलेला ओरखडा दोन पावसांत परत वर येतो. बरेच पॉलिशवाले तेच करतात, आणि माझ्या मनानं घेतलं की आमचे दाजीही त्यातलेच.

म्हणून मी सापळा लावला. माझी काळी गाडी त्यांच्याकडं द्यायच्या आदल्या दिवशी, मागच्या डाव्या दारावर, हँडलच्या जरा खाली, रुपयाच्या नाण्याएवढी जागा हजार नंबरच्या पॉलिशपेपरनं घासून मुद्दाम निस्तेज केली. कारखान्यात जसा खराब तुकडा सोडतात तसा. गाडी नेऊन लावली. दाजींनी मीटर फिरवलं, त्या दारापाशी थांबले, परत एकदा टेकवलं. "मागल्या दाराला काय केलंय का पाव्हणं?" मी म्हणालो, "नाही. काय करणार?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं, "बरं" म्हणाले आणि टेपवर काहीतरी लिहिलं. संध्याकाळी गाडी आणायला गेलो तेव्हा ती जागा आरशासारखी होती. घरी नेऊन मी स्पिरिटच्या बोळ्यानं तीनदा पुसली. बुजवलेलं असतं तर उघडं पडलं असतं. काही उघडं पडलं नाही. दुसरा कुणी असता तर त्याचं समाधान झालं असतं.

वर्षभरानं तिथं पांढुरका डाग उठला. आधी नाण्याएवढा, मग तळहाताएवढा. वरचा पारदर्शक थर, ज्याला आम्ही क्लिअर म्हणतो, तो मेला होता. तो कशानं मेला हे वीस वर्षं रंगात काढलेल्या माणसाला सुचायला हवं होतं. मी मात्र स्वतःला पटवून दिलं की एवढ्याशा घासण्यानं काय होतंय, हे त्या मायक्रोफायबरचंच काम, मशीन एका जागी धरून रंग जाळला असणार. आणि नेमकं त्याच महिन्यात खुटबावला आबांच्या नातीचा साखरपुडा होता. आबा म्हणजे माझे चुलत चुलते, दौंडकडच्या आमच्या भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. जेवणं झाल्यावर कुणीतरी माझ्या गाडीवरचा डाग बघून विचारलं. मांडवात पन्नास-साठ माणसं, निम्म्यांच्या दारात गाड्या. मी मोठ्यानं सांगितलं, "दाजींनी जाळला. नवीन फॅडचे पॅड लावतात ना. कुणी त्यांच्याकडं गाडी देऊ नका." दाजी हात धुऊन येत होते. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. त्यांनी रुमालानं हात पुसले आणि म्हणाले, "आसंल. चुकलं आसंल माझं." बस्स, एवढंच. मी मनात म्हणालो, बघा, कबूल केलं! आक्का त्यानंतर माझ्याशी बोलली नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी आक्कानं शेड आवरायला बोलावलं. का बोलावलं असेल, याचा विचार करतच गेलो. आत सगळं जागच्या जागी होतं. मशीन फडक्यात गुंडाळलेलं, धुतलेले पॅड केस वर करून दोरीवर चिमट्यांत. लोखंडी कपाट उघडलं तर दाराच्या आतल्या बाजूला वरपासून खालपर्यंत कागदी टेपचे तुकडे. गाडी दिली की ते पत्र्यावरच्या टेपा काढून इथं लावायचे, हे मला माहीत नव्हतं. प्रत्येकावर गाडीचा नंबर, आकडे आणि एखादी ओळ. आक्का मागं उभी होती. मी माझा नंबर शोधू लागलो आणि शोधताना पहिल्यांदा वाटलं, सापडू नये.

सापडला. "मागचं डावं दार १०८. हँडलखाली ८१. पेपरनं घासलंय, ताजं. विचारलं, नाही म्हणाले. इथं मशीन नको, हातानं."

म्हणजे जिथं मी जाळल्याचा बोभाटा केला तिथं त्यांनी मशीन लावलंच नव्हतं. उरलासुरला थर जपत बोटांनी चोळून चोळून ती जागा उजळवली होती, किती वेळ लागला असेल देव जाणे. क्लिअर मी मारला होता, माझ्या हातानं, माझ्या पेपरनं. मला लाज वाटली. नुसती नाही, तोंड लपवावं अशी. आणि तरीही... माझी जात बघा, त्याच क्षणी मनात आलं की हे दीड वर्ष गप्प का बसले? मला मनातल्या मनात हसत होते का? मी तसं आक्काला विचारलंही.

"हसत?" आक्का म्हणाली. "साखरपुड्याहून येताना गाडीत मी भांडले त्यांच्याशी. म्हणलं, तुमच्याकडं लिवलेलं हाय, दावा की समद्यांना. तर म्हणले, त्यो कंपनीत रंग तपासतो. त्यानंच घासला आसं मांडवात कळलं तर त्याला कोन मानंल? माझं काय, माझं काम बोलंल म्हणले." मग दोरीकडं वळून, "न्हाई बोललं रं काम. तुलाच मानलं समद्यांनी."

मी म्हणालो, मी लिहीन, पेपरात देईन, सगळे वाचतील. आक्का दोरीवरचे पॅड काढत होती. "पेपरात कशाला? तवा तोंडानं बोललास न्हवं? मंग आता बी तोंडानंच बोल." हे लिहितोय खरा, पण ते तिच्या सांगण्याच्या विरुद्ध, आणि तिचं ऐकून झाल्यावर.

कारण मागच्या आठवड्यात मी खुटबावला जाऊन आलो. आबा दारात त्यांच्या गाडीपाशीच उभे होते. बसा म्हणायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. दारावर पेपर मी घासला, दाजींनी विचारल्यावर खोटं बोललो, आणि मांडवात नाव त्यांचं घेतलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. झाल्यावर म्हणाले, "तू म्हणलास म्हणून तर आमी त्येच्याकडं गाड्या धाडल्या न्हाईत. भावकीतनं एक बी न्हाई. म्हणलं, हा कंपनीतला मानूस, ह्येला कळतंय." मला वाटलं संपलं. पण आबांचं संपलं नव्हतं. "दिवाळीच्या आधी आलता की त्यो हितं. म्हणला, आबा, एक दार करून दावतो, पटलं तर बगा. म्या म्हणलं, ऱ्हाऊ दे बाबा. च्या पिऊन गेला बिचारा."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आक्कालाही माहीत नसावं. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि धुळीनं भरलेलं बॉनेट कोरडंच खसाखसा पुसायला लागले. दाजी असते तर त्यांनी पुढं होऊन आबांचा हात धरला असता. परक्याच्या गाडीलाही, भर बाजारात, ते असा हात धरायचे, आणि आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कोरड्या फडक्याखालची धूळच ते जाळं पाडते. मी म्हणालो, "आबा, कोरडं नका पुसू. आधी पाणी मारा."

आबांचा हात थांबला. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ह्ये तू सांगतूस, का त्यो सांगत व्हता?"

"दाजी सांगायचे," मी म्हणालो.

आबांनी टॉवेल परत खांद्यावर टाकला आणि पाण्याची नळी आणायला गोठ्याकडं गेले.