हेडमास्तर भावाचं पालकांपुढं भाषण

बायांनो, आज पाथरीच्या एका शाळेत माझ्या धाकट्या भावाचं पालकांपुढं भाषण झालं. तो हेडमास्तर हाय.

म्हणला, "लेकराच्या कडेवर लेकरू देऊ नका, त्याला शिकू द्या. आमच्या आईनं मला तसंच वाढवलं." लय टाळ्या पडल्या.

त्र्याहत्तर साली आई दिवसभर फडात ऊस तोडायची. मी नऊ वर्षांची होते अन् हा माझ्या कडेवर असायचा. रडला की मी भाकर चावून त्याच्या तोंडात घालायची.

बाहेर आल्यावर इचारलं, "माझं नाव का न्हाई घेतलंस?"

हसून म्हणला, "आक्का, तू काय वाढवणार? तू बी लेकरूच होतीस की!"

ह्यालाच सांभाळायला मला तिसरीतून काढलं होतं. हे मी सांगायले अन् माझी नात लिहायलीय.

तुमच्या थोरल्या बहिणीला लिहिता येतं का?