दर्जा उत्तम

परवा घरी नवा माऊस आणला. खोक्यातून प्लॅस्टिकचा कोरा वास आला आणि जामखेडकडच्या कॉलेजातलं आमचं पत्र्याचं, उन्हानं तापलेलं ऑफिस आठवलं. तिथे नव्या माऊसचा नमुना हेडक्लार्क म्हणून मी पसंत करायचा होता. मी तो तळहातात धरला. जडसर, गुळगुळीत, बोटं अगदी अलगद बसत होती. फॉर्म भरायला ठेवलेल्या कंत्राटी ताई शेजारून म्हणाल्या, “भाऊसाहेब, कुरवाळताय काय, बटन दाबा! एकदा दाबलं की दोनदा लागतंय.” मी दाबून पाहिलं. खरं होतं. पण मालवाला समोर चहा पीत बसलेला, त्याला परत कोण पाठवणार? “नवं आहे, वापरून सुटेल,” म्हणालो आणि ‘दर्जा उत्तम’ लिहून सही केली. पुढे प्रवेशाच्या दिवसांत ताईंनी एका मुलीच्या अर्जावर ‘पुढे’ दाबलं, नव्या पानावर त्याच जागी ‘रद्द’ होतं, दुसरा क्लिक तिथे पडला आणि अर्ज रद्द झाला. “सर, म्या एकदाच दाबलं हुतं. भाऊसाहेबांना इचारा,” त्या प्राचार्यांना सांगत राहिल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “माऊस चांगला आहे, मी स्वतः तपासलाय.” मुलीचा अर्ज पुन्हा भरून घेतला, ताईंना मात्र कामावरून काढलं. परवा मी बटण दाबत बसलो होतो, तेव्हा बायको म्हणाली, “अहो, किती वेळा दाबताय?” ताईंनी एकदाच दाबलं होतं, आणि हे त्या ऑफिसात त्यांच्याशिवाय फक्त मला ठाऊक होतं.