गिरजामावशीची मडकी

गिरजामावशी तळ्यात मडक्यांवर बसून जायची. दोन मोठी मडकी पाण्यात पालथी, त्यांना आडवी फळी बांधलेली, फळीवर ती. हातानं पाणी मागं सारत शिंगाड्याच्या वेलांत शिरायची. आम्ही पोरी काठावरून हसलो की तिथूनच ओरडायची, "हसा वं पोट्ट्यांनो! तुमच्या बापाले बसवा याच्यावर, मंग पाहू कोन बुडते!"

किन्हीराजाजवळच्या आमच्या गावात ती भोयाची विधवा. तळ्याच्या काठी तिची झोपडी आणि तळ्याला लागून आमचं शेत. अंगानं हाडकुळी, आवाज फाटका. गोड बोलणं तिला येत नव्हतं. मलाही येत नाही, म्हणून आमचं जमलं.

पावसाळ्यात ती शिंगाड्याची रोपं पायानं लावायची. छातीभर पाण्यात उभं राहून रोपाचं मूळ अंगठ्यानं चिखलात दाबायचं. "डोये फसवतेत, अंगठा नाई फसवत," म्हणायची.

एका पावसाळ्यात टेकडीची माती ओढ्यानं तळ्यात आणून ओतली. पुढच्या साली मावशी रोपं लावायला उतरली, तर पाणी मांडीलाच लागलं. तरी तिनं वेल लावला. दसऱ्याला पाणी ओसरलं आणि वेल चिखलावर पडून कुजला. त्या जागी पाणकणीस उगवलं, माणसाएवढं उंच गवत. सगळा उन्हाळा ती ते उपटत राहिली. तुटलेल्या मुळांतून ते दुपटीनं फुटलं.

माझा बाप म्हणाला, "गिरजे, काहून जीव देऊन राह्यली?"

"मंग काय करू भाऊ? तुमच्या चुलीपाशी येऊन बसू?"

शिंगाडा गेला आणि तिची भाकरही गेली. पोळा झाल्यावर रिसोडहून तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. "बाई, तळं मेलं. चाल आता." भावाकडे जाणं म्हणजे जन्मभर भावजयीचं दळण दळणं, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं बोचकं बांधलं. मडकी गाडीत चढली.

"थांब, एकडाव पाय धुऊन येतो," म्हणून ती पाणकणसात शिरली. थोड्या वेळानं किंचाळली. आम्ही धावलो. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून हसत होती.

"माह्या पायाले धडक देली हिनं!"

हातभर लांब मरळ तिच्या पायाभोवती घिरट्या घालत होती. शेजारी पाण्यावर लाल पिल्लांचा पुंजका हलत होता. तळ्यात उघडं पाणी होतं तेव्हा मरळ क्वचितच दिसायची. पाणकणसात तिला आडोसा मिळाला होता. भाऊ पागोटं सोडून मासा धरायला वाकला. मावशीनं त्याच्या हातावर फटका मारला.

"काहून वं? एवढी मोठी हाये!"

"हिची पिल्लं कोन पोसन, तू? जाय, माही मडकी खाली उतरव. तळं मेलं नाई बाप्पा, त्याच्यातलं बिऱ्हाड बदललं."

पाणकणीस उपटणं तिनं त्या दिवसापासून सोडलं. पिल्लं मोठी झाल्यावर मडकी सुलटी झाली. ओलं पाणकणीस घालून त्यांत जिवंत मरळ भरायची आणि बाजाराच्या गाडीनं मंगरूळपीरला न्यायची. दर्ग्याजवळचा एक म्हातारा दुकानदार विचारायचा, "बाई, मछली ताजी है ना?"

"तुमच्यापेक्षा ताजी हाये, चाचा!" तो हसून घ्यायचा.

पाणकणसानं गाळ आणखी अडवला. काठ सुकला, हराळी आली, मग बाभळीची रोपं. मी एक उपटायला वाकले तर माझ्याही हातावर फटका बसला. "राहू दे. मरळीचीबी पाळी सरन एक दिवस." बाभळी माणसाएवढ्या होण्याआधीच तिनं दोन बकऱ्या आणल्या. पाणी आटत गेलं तशी मरळ सरली, मडक्यांत आता बकऱ्यांचं पाणी.

तळ्याच्या त्याच काठाला, बाभळीखाली खाटेवर ती वारली. आदल्या दिवशी मी विचारलं होतं, "मावशी, या बाभळींच्या मागून काय येईल?"

"मले काय ठाव? पाय ठेवून पाह्यजो."

मी रडले नाही. तिच्या बकऱ्या घरी आणल्या. एक मडकं वाटेत फुटलं, दुसऱ्यात त्या बकऱ्यांच्या नातीपणती पाणी पितात. आता त्या बाभळी म्हाताऱ्या झाल्या. पाखरांनी टाकलेल्या निंबोळ्या त्यांच्या सावलीत रुजल्या, वीतभर रोपं वर आलीत. यंदा बकऱ्या मी तिकडं जाऊ देत नाही.