लुगड्यातला आबा

आमच्या गावच्या शाळेतल्या एका पुस्तकात माझं चित्र होतं, आणि त्या चित्रात मी लुगडं नेसलो होतो.

राजूरजवळचं आमचं गाव. शाळेत नवीन बाई आल्या अन् त्यांनी एक खूळ काढलं. पहिलीच्या पोरानं गोष्ट सांगायची, चौथीच्यानं ती लिहायची, दोघांनी चित्रं काढायची अन् सुई-दोऱ्यानं पुस्तक शिवायचं. माझी नात पिंकी पहिलीत. (पोरगा-सून जालन्याला मस्तगडात राहायचे, नात आमच्यापाशी.) तिच्या वाट्याला चौथीतली शीतल आली. (ती पोर पोलिसात जायला पाहिजे होती!)

नेमकी तेव्हाच आमची मंडळी भावाच्या पोरीच्या लग्नाला अंकुशनगरला गेल्ती. आठ दिवस! म्हैस हिच्या हाताची. मला बघितलं की लाथ! तीन दिवस बिनदुधाचा चहा पिलो. चौथ्या दिवशी हिचं लुगडं नेसलो, मिशीवरून पदर घेतला अन् बसलो धारेला. म्हशीनं पान्हा सोडला! पिंकीनं ते सगळं बघितलं अन् शाळेत जाऊन गोष्ट म्हणून सांगून टाकलं.

शनिवारी पोरं ती पुस्तकं आयांपुढं वाचणार होती, अन् ही शुक्रवारी संध्याकाळी येणार होती. जन्मभर मी हिच्यावर डाफरलेला माणूस. हिला कळलं तर माझी काय किंमत राहील? शुक्रवारी दुपारीच शाळा गाठली.

"बाई, ते पान फाडा."

"पुस्तक पोरींचं आहे, आबा. त्यांनाच विचारा."

शीतलनं मला वरून खाली बघितलं. "फाडता येत न्हाई. बदलायचं असलं तर सांगा. किती शिकलात?"

"दुसरी पास."

"मंग तुम्ही सांगणाऱ्यात. पिंकीशेजारी बसा."

बसलो! मांडी घालून, पहिलीच्या रांगेत.

"लिही. आबांला थंडी वाजत होती, म्हणून त्यांनी लुगडं पांघरलं."

"जल्दी नका बोलू, ओळ संपू द्या… पांघरलं. मंग पदर डोक्यावर का?"

"कान गार पडले होते."

"आबा, बांगड्या राह्यल्या!" पिंकी ओरडली.

"कोणत्या बांगड्या?" शीतलनं लगेच पेन्सिलीला टोक केलं.

"आजीच्या! आबांच्या हातात जाईनात, मंग म्या म्हशीच्या कानापाशी वाजवल्या. अन् आबा बारीक आवाज काढून म्हणत होते, सोड गं माझी बाय, सोड गं!"

एका पानाची गोष्ट होती. मी दुरुस्त केल्यावर तीन पानांची झाली!

शनिवारी मी खिडकीबाहेर चोरासारखा उभा. ही आयांमध्ये सगळ्यांत पुढं. शीतलनं खणखणीत वाचलं, मधे थांबून चित्रं दाखवली. मिशी बिलकुल माझीच! बाया हसून लोळायला लागल्या. ही मात्र चित्रातलं लुगडं निरखून बघायला लागली.

"कोणतं लुगडं गं?" हिनं पिंकीला विचारलं.

"हिरवं. तू चतुर्थीला राजूरच्या गणपतीला नेसती ते."

"आग्गं आई! ते नेसून शेणात बसले का हे!"

अन् ही हसली. कशी हसली! पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. शेजारणीच्या मांडीवर कलंडली, डोळ्यांतून पाणी, श्वास घ्यायला फुरसत न्हाई.

मी खिडकीतून ओरडलो, "बाई, पान फाडा म्हणलो होतो ना!"

"खबरदार!" ही आतून. "वाच गं पोरी, पुन्हा वाच. ते 'सोड गं माझी बाय' जरा सावकाश वाच."

पोरीनं चार वेळा वाचलं.

ही जाऊन आता दोन वर्षं झाली. ते पुस्तक पोरांच्या हाताखाली कधीच फाटून गेलं. घरात हिचा एकच फोटो आहे. त्यात ती फोटोवाल्याला भिऊन तोंड मिटून बसलीय. मी भेटंल त्याला ही गोष्ट सांगून राह्यलो. लोक हसतात. मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसतो, पण तसं कोणी हसत न्हाई.

चाळीस वर्षांच्या संसारात ही पोट धरून हसली ती त्या एका शनिवारी. ते बी दोन पोरींनी हसवलं. अन् तेवढं बी होऊ नये म्हणून आदल्या दिवशी भर उन्हात शाळेकडं पळत गेलेलं गाढव, ते मी!