पाणी जातंय कुठं?

आमच्या गावातलं सगळ्यांत भित्रं माणूस कोण, असं विचारलं असतं तर लोकांनी डायवर काकींचं घर दाखवलं असतं. काकी पालीला भ्यायच्या, विजेला भ्यायच्या, दवाखान्याच्या पायरीलाही भ्यायच्या. आणि तरीही, बायकांना द्राक्षबागेच्या कामासाठी तासगावकडे नेणारी जुनी, नऊ जणांची गाडी त्याच चालवायच्या. सकाळी चावी फिरवण्याआधी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या डोळे मिटून बसत. मागच्या बायका उशीर होतोय म्हणून गलका करत. काकी म्हणत, "थांबा गं. भ्या वाटतंय. जरा कमी हुंदे."

काका लष्करात ड्रायव्हर होते. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी ही गाडी घेतली आणि गावाबाहेरच्या माळावर काकींना चालवायला शिकवलं. एकदा तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडताना उकळतं पाणी काकांच्या गळ्यावर, छातीवर उसळलं. काकी शेजारीच उभ्या होत्या. काका त्यातून बरे झाले. ते गेले पुढे बऱ्याच वर्षांनी, छातीत कळ येऊन. पण काकींच्या डोळ्यांसमोरून ते पाणी कधी हललं नाही. गाडी चालवताना त्या थोड्या थोड्या वेळानं इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्याकडे बघत. मी त्यावरून चेष्टा केली तर म्हणायच्या, "रस्ता समद्यास्नी दिसतोय रं संतोष. आतलं कोण सांगणार?"

त्या वर्षी द्राक्षाचा हंगाम संपता संपता गाडीतलं पाणी कमी व्हायला लागलं. काकी रोज सकाळी इंजिन गार असताना पाणी बघत, आणि रोज ते बोटभर खाली गेलेलं असे. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरत. सकाळी पुठ्ठा कोरडा. रबरी पाइप दाबून बघितले, पंपाखाली हात फिरवला, रेडिएटरच्या जाळीला नाक लावून वास घेतला. कुठंच ओल नाही. तासगावच्या मिस्त्रीनं सांगितलं, "आवं काकी, जुनी गाडी हाय. थोडं पाणी पिणारच." काकींचं समाधान झालं नाही. "पिऊ दे की. पर जातंय कुठं?" हा प्रश्न त्या मिस्त्रीला विचारत, बायकांना विचारत, संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन माझ्या आईला विचारत. गाडीत पाण्याचे कॅन ठेवल्याशिवाय त्या गावाबाहेर पडेनात.

अशातच एका दुपारी माझ्या बायकोला, सुजाताला, एकाएकी रक्त जायला लागलं. आठवा महिना सुरू होता. रुग्णवाहिकेला फोन केला तर ती लांब कुठंतरी गेलेली. मी धावत काकींच्या दारात गेलो. त्यांनी माझं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. पायात चपलाही न घालता बाहेर आल्या. सुजाताला मागच्या सीटवर निजवलं, आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, मी पुढं बसलो. काकींचे ओठ पांढरे पडले होते. त्या दिवशी मात्र त्यांनी डोळे मिटले नाहीत.

कवठे महांकाळ मागं टाकून आम्ही सांगलीच्या रस्त्याला लागलो. ऊन नुसतं भाजत होतं. थोड्या वेळानं गोडसर, उग्र वास यायला लागला. समोरची काच आतून धुरकट झाली. भर उन्हात काचेवर वाफ कशी, ते मला कळेना. काकींनी पदरानं काच पुसली आणि काट्याकडे बघितलं. काटा चढत होता. त्यांनी गाडी कडेला घेतली.

"काकी, थांबू नका!" मी ओरडलो.

"थांबलं पायजे."

"ती मरंल की वो!"

"आता न्हाई थांबलं तर इंजिन बसंल. मग आपून कुणालाच कुठं पोचवणार न्हाई." त्यांनी इंजिन बंद केलं. मागून सुजाता क्षीण आवाजात म्हणाली, "त्यांचं ऐका."

मी रस्त्यावर उभा राहून हात करायला लागलो. एक मोटार वेग कमी न करता निघून गेली. मग ऊस भरलेला ट्रॅक्टर आला. त्यात सुजाताला कुठं घालणार? आईच्या लुगड्यावरचा लाल डाग वाढत चालला होता.

मी परत गाडीत डोकावलो तेव्हा काकी माझ्या सीटपुढं गुडघ्यावर बसल्या होत्या. त्यांनी पायाखालचं जाड मॅट उचललं. खाली गरम पाण्याचं तळं साचलं होतं. "हितं जातंय," त्या म्हणाल्या. थंडीत गाडीत ऊब यावी म्हणून स्टिअरिंगपुढच्या, काटे बसवलेल्या फळीमागं हिटर बसवलेला असतो. आमच्या दुष्काळी भागात तो कुणी कधी लावलाच नव्हता. पण इंजिनाचं पाणी त्यातून फिरत होतं, आणि तो फुटला होता. पाणी जमिनीवर पडतच नव्हतं. ते मॅटखाली मुरत होतं.

बॉनेट उघडून काकींनी हिटरकडे जाणारे दोन पाइप शोधले. ते इतके तापले होते की लगेच हात लावता येईना. आम्ही वाट बघत उभे राहिलो. आयुष्यात एवढा लांबलेला वेळ मी बघितला नाही. मग स्क्रू ढिले करून त्यांनी एक पाइप काढून टाकला आणि दुसऱ्याची दोन्ही टोकं इंजिनालाच जोडली. पाणी आता हिटरला वगळून परत इंजिनात जाणार होतं. राहिलं रेडिएटरचं झाकण. "मी उघडतो," मी म्हणालो. "लांब हो," त्या ओरडल्या. गोधडीचा तुकडा झाकणावर टाकून, तोंड फिरवून, त्यांनी ते अगदी सावकाश सैल केलं. फुसकारा आला तसा त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. पण हात त्यांनी काढला नाही. वाफ ओसरल्यावर कॅनमधलं पाणी थोडं थोडं करून भरलं.

सांगलीपर्यंत काटा चढला नाही. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशनला घेतलं. मुलगी झाली, इवलीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली. सुजाताही वाचली. मी खाली सांगायला गेलो तर काकी स्टिअरिंग धरून तशाच बसल्या होत्या.

"रडली का पोरगी?"

"रडली, काकी."

तेव्हा त्या पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या.

पुढं काही वर्षांनी काकींची नजर अधू झाली. कुणी सांगण्याआधीच त्यांनी गाडी विकली आणि लोणंदला लेकीकडे राहायला जायचं ठरवलं. तिथं त्या जेमतेम वर्षभर जगल्या. त्यांना लोणंदला सोडायला मीच गेलो होतो, माझ्या नव्या गाडीतून. साताऱ्यापर्यंत त्या "हळू रं", "म्होरं बग" करत राहिल्या. मग आवाज बंद झाला. वळून बघितलं तर काकी झोपल्या होत्या. काकी आणि चालत्या गाडीत झोपलेल्या! त्यानंतर मला प्रत्येक वळणाची, प्रत्येक ट्रकची धास्ती वाटायला लागली. लोणंद येईपर्यंत माझा शर्ट घामानं भिजला.

लेकीच्या दारात गाडी थांबली तशा त्या दचकून जाग्या झाल्या.

"मी झोपले व्हय? एकट्यानंच आणलीस? भ्या न्हाई वाटलं?"

"लय वाटलं, काकी."

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि दार उघडून उतरल्या.