मागच्या दारातली रांगोळी

गोदाम बघायला येणारा माणूस आधी वर बघतो. पत्र्याला कुठं भोक आहे, पावसाचं पाणी कुठून ओघळलंय, ते त्याला खालूनच कळतं. मग तो लाइटचा बोर्ड उघडतो, आग विझवायच्या लाल बाटल्यांचे काटे वाचतो, शटर वर-खाली करायला लावतो, संडाससुद्धा बघून येतो. आणि शेवटी विचारतो, मागचं दार कुठंय? आता हे मला पाठ आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं.

तेव्हा मागच्या दारात आमचा संसार होता.

आठवीत शाळा सुटली आणि पुढं नांदेडकडून मी इथं वसईजवळ कामणला आलो, तेव्हा ओळखीचं कुत्रंही नव्हतं. शेठ वसईतल्या जुन्या ख्रिस्ती घरातले. त्यांनी मला या गोदामाच्या गाळ्यावर राखणीला ठेवलं. लग्न झालं तेव्हा मागच्या दाराशी प्लायवूडची भिंत घालून खोली करून दिली. नाताळला त्यांच्या घरून डबा यायचा. उपकार होते, आहेत. हे लिहितानाही भीती वाटते, की त्यांच्या कानावर गेलं तर?

एका कंपनीला गाळा भाड्यानं हवा होता. आधी त्यांचा तपासणीचा साहेब येणार होता.

शेठ म्हणाले, "सामान टेम्पोत टाक. बायकोला नाक्यावर बसव जरा वेळ. साहेब गेला की परत लावा."

"विचारलं तर, शेठ?"

"कोण विचारतंय? तू ना, उगाच घाबरतोस."

गॅस, भांडी, गाद्या, देव, सगळं टेम्पोत चढवलं. खोली झाडून बाहेर आलो, तर बायको दारात उकिडवी बसलेली, चिमटीत रांगोळी.

"अगं, आता हे काय?"

"मग? उंबरा बोडका ठिवून जाऊ? घर हाय का मसनवटा?"

तेवढ्यात पुढून शेठची हाक आली. मी दाराला कुलूप घातलं, तिला टेम्पोतून नाक्यावर धाडलं आणि पळालो.

साहेब तरणा होता, बोलायला गोड. पत्रे बघितले, बाटल्या बघितल्या, मान हलवत राहिला. आतून आमची भिंत खोक्यांच्या थप्पीमागं झाकलेली होती. शेठनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. तर साहेब म्हणतो, "चला, बाहेरून एक चक्कर मारू."

कुलपाखाली ताजं कमळ. वर हळदीकुंकवाची चिमूट.

"गोदामाला रांगोळी?"

शेठ हसले. "आमची माणसं फार धार्मिक, साहेब."

"शटरला दसऱ्याचं तोरण मी पण बघितलंय. बंद दारापुढं रांगोळी नाही बघितली. कोण राहतं इथं?"

शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "कुणी नाही, साहेब."

त्यानं दार उघडायला लावलं आणि कमळ न मोडता, लांब पाय टाकून आत गेला. तेवढं त्याला कळत होतं. आत भिंतीला काजळी, देवांचा खिळा, कपड्यांची दोरी.

"ही भिंत काढा," तो शेठना म्हणाला. "आग लागली तर माणसं बाहेर कुठून पडणार?"

त्याचं खोटं नव्हतं. याचाच राग येतो. फक्त त्या माणसांत आम्ही नव्हतो. आम्ही वाटेत ठेवलेलं सामान.

साहेब गेला. शेठ त्याला गाडीपर्यंत सोडून आले. मग अगदी मायेनं म्हणाले, "टेम्पो भरलेलाच आहे ना? मग उतरवू नको. बायकोला गावी पोचव. तुझी नोकरी कुठं जात नाही."

आणि मी म्हणालो, "उपकार झाले, शेठ."

भिंत मीच तोडली. त्या उंबऱ्यापुढं आता पिवळे पट्टे आहेत, तेही मीच मारलेत. बायको अजून गावीच आहे. तपासणीला कुणी आलं की मी आधी मागचं दार सताड उघडतो. वाट मोकळी आहे म्हणून साहेब लोक खूश होतात.

मोकळीच आहे.